वेदनेचा मार्ग

मानवी शरीरातील इतर पेशींच्या मानाने मज्जापेशीची घडण अगदी वेगळी असते. तिच्या देहापासून झाडाच्या फांद्यांप्रमाणे अनेक आखूड प्रवर्ध निघतात. याखेरीज तिला एक लांब तंतू असतो, त्यास अक्षतंतू असे म्हणतात. पाठीच्या कण्यापासून पावलापर्यंत जाणारा अक्षतंतू सुमारे 1 मीटर लांब असूनही केसाहून कितीतरी बारीक असतो. असे हजारो अक्षतंतू एका वेष्टनात बांधले गेले म्हणजे त्यांचा मज्जातंतू होतो.

अक्षतंतूतून जाणारा संदेश विजेच्या तारेतील प्रवाहासारखा नसतो. पेशीपटलातील एक यंत्रणा सोडियमचे 3 आयन बाहेर टाकते आणि पोटॅशियमचे 2 आयन आत घेते. आत साठलेले पोटॅशियम थोडे थोडे बाहेर झिरपत राहते. त्यामुळे पेशीची आतील बाजू बाहेरच्या मानाने सुमारे 70 मिलिव्होल्टने ऋण असते. पुरेसे उत्तेजन मिळताच पटलातील सूक्ष्म द्वारे उघडतात, सोडियम आत शिरते आणि आतील बाजू क्षणमात्र धन होते. हा बदल लगतच्या भागात तसाच बदल घडवितो, आणि दारूच्या वातीवरून ठिणगी सरकावी त्याप्रमाणे संदेश पुढे जातो. वात मात्र जळून जाते. अक्षतंतू पुढच्याच क्षणी पूर्ववत होतो.

जाड अक्षतंतूंभोवती श्वान पेशींनी गुंडाळलेले मेदाचे आवरण असते. या आवरणात ठराविक अंतरावर खंड असतात आणि संदेश एका खंडावरून दुसऱ्या खंडावर जणू उड्या घेत जातो. अशा तंतूंत त्याचा वेग सेकंदाला 100 मीटरहूनही अधिक होऊ शकतो. ठणका वाहून नेणाऱ्या बारीक तंतूंना हे आवरण नसते, म्हणून तेथे तो वेग सेकंदाला सुमारे 1 मीटर एवढाच असतो. ठेच लागली असता आघात प्रथम जाणवतो आणि ठणका मागाहून येतो, तो यामुळेच.

वेदना नाहीशी झाली तर काय होते, हे कुष्ठरोगात स्पष्ट दिसते. नॉर्वेतील हान्सेन यांनी 1873 साली शोधून काढलेला या रोगाचा जंतू श्वान पेशींमध्ये शिरतो. त्याला शरीराचे थंड भाग मानवतात. म्हणून त्वचेजवळून जाणारे मज्जातंतू, उदाहरणार्थ कोपराच्या आतील बाजूचा, तो विशेषेकरून पोखरतो. मग करंगळी व अनामिका बधिर होतात, तळहाताचे स्नायू दुबळे होऊन बोटे वाकतात. तापलेले भांडे हाताला पोळते, पायात खिळा रुततो, तरी रोग्याला त्याची जाणीव होत नाही.

कुष्ठरोग्याची बोटे रोगामुळे सडून गळतात, असा समज दीर्घकाळ रूढ होता. वेल्लोर येथे काम करणारे शल्यचिकित्सक पॉल ब्रँड यांनी 1940 नंतरच्या दशकात या प्रश्नाचा अभ्यास हाती घेतला. बधिर हाताच्या जखमाही योग्य काळजी घेतल्यास भरून येतात आणि बोटांची हानी मुख्यत्वे न जाणवलेल्या इजांमुळे व त्यांतील जंतुसंसर्गामुळे होते, हे त्यांनी दाखवून दिले. निरोगी स्नायूंचे कंडरे दुसरीकडे जोडून वाकलेली बोटे पुन्हा कामास लावण्याच्या शस्त्रक्रियाही त्यांनी रूढ केल्या.

तुटलेला अक्षतंतू, त्याचे वेष्टन शाबूत असल्यास, दिवसाला सुमारे 1 मिलिमीटर या गतीने पुन्हा वाढू शकतो. परंतु दीर्घकाळ पोखरला गेलेला मज्जातंतू सहसा पूर्ववत होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 1981 साली शिफारस केलेल्या बहुविध औषधोपचाराने जंतू मरतात. गेलेली संवेदना मात्र त्या औषधांनी परत येत नाही. म्हणून त्वचेवरील बधिर चट्टा दुखत नाही या कारणास्तव दुर्लक्षिला जाऊ नये. त्याचे न दुखणे हेच रोगाचे लक्षण होय.