अंधारातल्या जिवांची उधारी

समुद्राच्या तळाशी असलेल्या गरम झऱ्यांवर, म्हणजे हायड्रोथर्मल व्हेंटवर लिहिणारा जवळजवळ प्रत्येक जण एक वाक्य लिहून जातो : इथली जीवसृष्टी सूर्यावर अवलंबून नाही. वाक्य दिमाखदार आहे आणि निम्मं खरंही आहे. पण उरलेलं निम्मं सोडून दिलं, तर या झऱ्यांनी शिकवलेली मोठी गोष्ट हातून निसटते आणि पृथ्वीबाहेरच्या जीवांविषयी आपण भलत्याच अपेक्षा बांधून बसतो.

1977 साली गॅलापागोस बेटांजवळ ‘अल्विन’ ही पाणबुडी सुमारे अडीच किलोमीटर खोल उतरली, ती भूशास्त्रज्ञांना घेऊन. त्यांना हवे होते झरे. मोहिमेवर जीवशास्त्रज्ञ एकही नव्हता. झऱ्यांभोवती शिंपले, खेकडे आणि पांढऱ्या नळ्यांतून लाल तुरे बाहेर काढणारे लांबलचक कृमी दिसले, तेव्हा नमुने टिकवायला पुरेसं फॉर्मालिनही बोटीवर नव्हतं. शेवटी व्होडका कामी आली. दोनच वर्षांनी मेक्सिकोजवळच्या पॅसिफिक तळावर साडेतीनशे अंश सेल्सिअसहून गरम पाणी ओकणारी काळी धुराडी सापडली. ‘रिफ्टिया’ नावाच्या त्या नळीकृमीला तोंड नाही, आतडंही नाही. मग तो खातो काय? 1981 मध्ये कॉलीन कॅव्हॅनॉ या तरुण संशोधिकेने उत्तर मांडलं : त्याच्या शरीरात जिवाणूंची दाट वस्ती आहे आणि ते झऱ्यातल्या हायड्रोजन सल्फाइडपासून ऊर्जा मिळवून अन्न तयार करतात. प्रकाशसंश्लेषणाच्या जागी रसायनसंश्लेषण. ‘सूर्याविना जीवन’ ही घोषणा इथूनच निघाली.

आता यातली रसायनक्रिया नीट पाहू. सल्फाइडमधून ऊर्जा मिळते ती त्याचं ऑक्सिडीकरण झाल्यावर, आणि या जिवाणूंना त्यासाठी मुख्यतः ऑक्सिजन लागतो. झऱ्याच्या पाण्यात तो नसतो. तप्त खडकातून येणाऱ्या त्या पाण्यात सल्फाइड, हायड्रोजन, मिथेन आणि विरघळलेले धातू असतात. ऑक्सिजन येतो तो भोवतालच्या थंडगार पाण्यातून. ध्रुवांलगत गारठून जड झालेलं पाणी वरचा ऑक्सिजन घेऊन बुडतं आणि शेकडो वर्षं महासागरांच्या तळाने सरकत राहतं. आपल्या अरबी समुद्रात साधारण दीडशेपासून हजार मीटरपर्यंतच्या पट्ट्यात ऑक्सिजन जवळजवळ संपलेला असतो. त्याच्या बऱ्याच खाली तो पुन्हा वाढतो, कारण तिथलं पाणी अंटार्क्टिकाच्या बाजूने आलेलं असतं. आणि हवेतला ऑक्सिजन मुळात आला कुठून? वनस्पती, शेवाळं आणि सायनोबॅक्टेरिया यांच्या प्रकाशसंश्लेषणातून. थोडक्यात, नळीकृमीचं ताट झऱ्याने वाढलेलं असलं तरी श्वास सूर्याकडून उसना आणलेला आहे.

या उधारीचा पुरावा प्राण्यांच्या शरीरातच आहे. रिफ्टियाचा तुरा लाल दिसतो तो हिमोग्लोबिनमुळे, आणि हे हिमोग्लोबिन ऑक्सिजन व सल्फाइड दोन्ही वेगवेगळ्या जागी बांधून एकाच वेळी वाहून नेतं. त्याहून बोलका साक्षीदार हिंदी महासागरात राहतो. मध्य हिंदी महासागरी पर्वतरांगेवरच्या ‘कैरेई’ झऱ्यांपाशी 2001 मध्ये एक गोगलगाय सापडली. तिच्या पायावर लोहसल्फाइडचे खवले असतात, म्हणून वर्तमानपत्रांनी तिला चिलखती गोगलगाय म्हणून मिरवलं. माझ्या मते चिलखतापेक्षा तिचं हृदय अधिक नवलाचं आहे. ते शरीराच्या आकारमानाच्या सुमारे 4 टक्के भरतं. माणसाच्या तुलनेत प्रमाणाने जवळजवळ तिप्पट. एका संथ गोगलगायीला एवढं हृदय कशाला? अन्ननलिकेच्या ग्रंथीत पोसलेल्या जिवाणूंना ऑक्सिजन पोचवायला. याच पर्वतरांगेच्या दक्षिण भागात डिसेंबर 2024 मध्ये गोव्यातलं राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्र आणि चेन्नईची राष्ट्रीय समुद्र तंत्रज्ञान संस्था यांनी सुमारे 4,500 मीटर खोलीवरच्या एका जिवंत झऱ्याची छायाचित्रं टिपली. तिथल्या प्राण्यांचा अभ्यास होईल तेव्हा ते खातात काय याबरोबरच श्वास कसा घेतात, हेही तितक्याच बारकाईने पाहायला हवं.

यावर कोणी म्हणेल, सूर्य उद्या विझला तरी खोल पाण्यातला साठा बराच काळ पुरेल. पुरेल, पण शिल्लकीवर दिवस काढणं म्हणजे स्वावलंबन नव्हे. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. ऑक्सिजनला न शिवणारे सूक्ष्मजीव झऱ्यांपाशी आहेतच. काही आर्किया हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड यांपासून मिथेन बनवून जगतात आणि ते सूर्याचं खरोखर काही देणं लागत नाहीत. अटलांटिकमध्ये 2000 साली सापडलेल्या ‘लॉस्ट सिटी’त खडक आणि पाणी यांच्या अभिक्रियेतूनच हायड्रोजन तयार होतो. जीवाची सुरुवात अशा जागी झाली असावी, असं अनेक संशोधक मानतात. त्या काळी तर पृथ्वीच्या हवेत ऑक्सिजनच नव्हता. हे सगळं मान्य. पण लॉस्ट सिटीत रिफ्टियाच्या राईसारखी दाटी नाही, हेही पाहा. तोच हायड्रोजन ऑक्सिजनशी जुळला तर कित्येक पट ऊर्जा देतो. मिथेनच्या तुटपुंज्या मिळकतीवर सूक्ष्मजीव तगतात, मोठ्या प्राण्यांचा संसार उभा राहत नाही.

म्हणूनच शनीच्या एन्सेलॅडस या चंद्राच्या फवाऱ्यांत ‘कॅसिनी’ यानाला हायड्रोजन सापडल्याचं 2017 मध्ये जाहीर झालं, तेव्हा बर्फाखाली नळीकृमी डोलताना रंगवणारी चित्रं पाहून सावध व्हायला हवं होतं. तिथे काही असलंच तर ते बहुधा सूक्ष्मदर्शकाखालीच दिसेल. गुरूचा चंद्र युरोपा मात्र माझ्या युक्तिवादाला खरी अडचण आणतो. गुरूभोवतीचे भारित कण त्याच्या बर्फावर आदळून पाण्याचे रेणू फोडतात आणि प्रकाशसंश्लेषणाविनाच ऑक्सिजन सुटतो. ‘जुनो’ यानाच्या मोजमापांवरून सेकंदाला सुमारे 12 किलो. हा ऑक्सिजन बर्फाच्या जाड थरातून खालच्या समुद्रात झिरपत असेल, तर सूर्याची उधारी न घेताही तिथे मोठ्या जीवांना वाव आहे. ‘युरोपा क्लिपर’ हे यान एप्रिल 2030 मध्ये गुरूपाशी पोचेल आणि त्याचं रडार बर्फाचा वेध घेईल. तळाशी झरे आहेत की नाहीत, यापेक्षा तो बर्फ वरखाली ढवळला जातो का, या प्रश्नाच्या उत्तराकडे माझं लक्ष राहील.