पेनड्राइव्ह लावला, गाणे का वाजेना?

मुंबई, प्रतिनिधी

गणेशोत्सव जवळ आला की बोरिवली, अंधेरी, घाटकोपर आणि मुलुंडच्या सोसायट्यांमधून कोकणाकडे निघणाऱ्या मोटारींची तयारी सुरू होते. टायरमधली हवा, इंजिनातले तेल, वायपर तपासून होतात आणि शेवटच्या रात्री घरातला कोणीतरी संगणकासमोर बसून पेनड्राइव्हमध्ये गाणी भरतो. आजोबांची नाट्यपदे, आईची भावगीते, मुलांची हिंदी गाणी आणि वाटेत कंटाळा आलाच तर दोन चित्रपट. पहाटे गाडी निघते, पनवेल मागे पडते, पेनड्राइव्ह लावला जातो आणि स्टिरिओच्या पडद्यावर फाइल वाचता येत नसल्याची सूचना झळकते. पुढे घाटांमध्ये मोबाइलचे नेटवर्क ठिकठिकाणी साथ सोडते, त्यामुळे इंटरनेटवरून गाणी ऐकण्याचा मार्गही अर्धाच उरतो.

अशा वेळी सारा दोष स्टिरिओच्या माथी मारला जातो. गावाहून परतल्यावर तो बदलण्यासाठी एस. व्ही. रोड किंवा एलबीएस मार्गावरचे ॲक्सेसरीजचे दुकान गाठले जाते. कोणी थेट कुर्ला-कालिन्याच्या सीएसटी रोडवर जातो. वास्तविक अनेकदा यंत्र ठणठणीत असते आणि खरी गोम फाइलमध्ये किंवा पेनड्राइव्हच्या मांडणीत दडलेली असते. ती घरच्या संगणकावर, एक पैसाही खर्च न करता दूर करता येते. दुकानात हमखास करून घेतली जाणारी एक गोष्ट मात्र मुळीच करू नये अशी आहे. तिचा उल्लेख पुढे येईलच.

मोटारीतला स्टिरिओ बसवणारे अनेक कारागीर आजही त्याला 'टेप' म्हणतात. त्यात टेप लावण्याची सोय जाऊनही जमाना लोटला. फिलिप्स कंपनीने १९६३ मध्ये आणलेली कॅसेट भारतीय मोटारींत दीर्घकाळ नांदली. सीडी १९८२ मध्ये आली. पण तिच्यात फार तर ८० मिनिटांचे संगीत मावे. जर्मनीतील फ्राउनहोफर संस्थेच्या संशोधकांनी घडवलेल्या आणि १९९५ मध्ये 'एमपी-३' हे नाव मिळालेल्या तंत्राने हे गणित पार बदलून टाकले. मोठ्या आवाजाच्या आड दडलेले बारीक आवाज मानवी कानाला ऐकू येत नाहीत. ते वगळले, तर ऐकणाऱ्याला फारसा फरक न जाणवता फाइल दहा-अकरा पट लहान होते. सेकंदाला १२८ किलोबिट या वेगाने साठवलेले बारा तासांचे संगीत ७०० मेगाबाइटच्या एका चकतीवर बसू लागले. २००० नंतरच्या दशकात रेल्वे स्थानकांबाहेर 'एका सीडीत दीडशे गाणी' विकली जात (त्यातली बहुतेक चोरटी असत, हे वेगळे सांगायला नको), त्यामागे हेच गणित होते.

आज नव्या मोटारींतून चकतीची फट जवळपास नाहीशी झाली आहे. तिच्या जागी यूएसबी, ब्लूटूथ आणि मोठा पडदा आला. अडचणींचे स्वरूपही त्याबरोबर बदलले.

पहिली अडचण फाइलच्या कुळाची. भजनी मंडळाचे ध्वनिमुद्रण व्हॉट्सॲपवर फिरत येते. तिथली ध्वनिसंदेशाची फाइल 'ओपस' नावाच्या प्रकारातली असते आणि मोटारीतल्या बऱ्याच यंत्रांना तो प्रकार ठाऊकच नसतो. आयफोनवर मुद्रित केलेला आवाज 'एम-४-ए' प्रकारात साठतो. तो काही स्टिरिओ वाचतात, काही वाचत नाहीत. यावर एक घरगुती उपाय सर्रास केला जातो. फाइलच्या नावामागचे शेपूट पुसून तिथे 'एमपी-३' असे लिहिले जाते. नाव बदलल्याने कूळ बदलत नाही. आतला मजकूर जसाच्या तसा राहतो आणि यंत्र पुन्हा अडते. फाइलचे खरोखर रूपांतर करावे लागते. व्हीएलसीसारख्या मोफत प्रणालीतून ते काही मिनिटांत होते. सेकंदाला १९२ किलोबिट हा वेग मोटारीसाठी पुरेसा आहे, कारण चालत्या गाडीत इंजिन, टायर आणि वाऱ्याच्या आवाजापुढे त्याहून सूक्ष्म फरक कानाला कळणे अवघड असते. या वेगाने पाच मिनिटांचे गाणे सुमारे सात मेगाबाइटचे होते. ३२ जीबीच्या पेनड्राइव्हमध्ये अशी चार हजारांहून अधिक गाणी मावतात.

गाण्यांच्या ॲपवर पैसे भरून 'डाउनलोड' केलेल्या गाण्यांची गोष्ट निराळी आहे. ती कुलूपबंद असतात आणि त्या ॲपमध्येच उघडतात. फोनमधून उचलून पेनड्राइव्हवर टाकली, तरी स्टिरिओला त्यांचा उपयोग नाही. 'गाणी भरून घेतली आहेत' या समाधानात निघालेल्या अनेकांचा भ्रमनिरास इथे होतो. अशी गाणी ऐकायची, तर फोनच ब्लूटूथने किंवा वायरने जोडावा लागतो.

दुसरी अडचण पेनड्राइव्हच्या मांडणीची. संगणकावर फाइली ज्या पद्धतीने रचल्या जातात, तिचे अनेक प्रकार आहेत. जुन्या आणि मध्यम किमतीच्या स्टिरिओंना त्यातली 'फॅट-३२' ही १९९६ मधली पद्धत तेवढी नीट वाचता येते. ६४ जीबी किंवा त्याहून मोठी साधने पुष्कळदा 'एक्सफॅट' या नव्या पद्धतीने सजून येतात आणि मोटारीत ती रिकामी असल्यासारखी दिसतात. मोठ्या क्षमतेचा मोह टाळून ३२ जीबीचाच पेनड्राइव्ह घ्यावा आणि तो फॅट-३२ पद्धतीने फॉरमॅट करावा, हा सर्वांत सोपा मार्ग होय. फॉरमॅट करताना आतले सारे पुसले जाते, हे विसरू नये. या पद्धतीची एक मर्यादाही आहे. तिच्यात चार जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही, म्हणून उच्च प्रतीचा एखादा लांबलचक चित्रपट कॉपी होतानाच अडतो.

गाणी वाजू लागली, तरी क्रम बिघडतो, ही तक्रार मराठी घरांत विशेष ऐकू येते. आणि तिला कारण आहे. सुटी हिंदी गाणी कोणत्याही क्रमाने वाजली तरी बिघडत नाही. पण ग. दि. माडगूळकर आणि सुधीर फडके यांचे 'गीतरामायण' घ्या. १९५५-५६ मध्ये पुणे आकाशवाणीवरून वर्षभर सादर झालेली ही ५६ गीते म्हणजे एक सलग कथा आहे. फाइलींना १, २, ३ असे क्रमांक दिले, तर अनेक यंत्रे त्यांच्याकडे संख्या म्हणून न पाहता अक्षरे म्हणून पाहतात. मग पहिल्या गीतानंतर दहावे, अकरावे असे एकोणिसाव्यापर्यंत वाजत जाते आणि त्यानंतर कुठे दुसऱ्याची पाळी येते. क्रमांक ०१, ०२, ०३ असे दोन अंकी लिहिले की हा घोळ मिटतो. काही स्टिरिओ मात्र नावाकडे बघतही नाहीत. फाइली ज्या क्रमाने पेनड्राइव्हवर लिहिल्या गेल्या, त्याच क्रमाने ते वाजवतात. अशा यंत्रांसाठी पेनड्राइव्ह फॉरमॅट करून गाणी हव्या त्या क्रमाने एकेक कॉपी करावीत. काम कंटाळवाणे आहे. पण ते एकदाच करावे लागते. कीर्तन, प्रवचन किंवा कथाकथनाच्या मालिकांनाही हेच लागू पडते.

याच्या जोडीला देवनागरीचा प्रश्न येतो. गाण्याचे नाव, गायक, अल्बम ही माहिती फाइलमध्येच एका चिठ्ठीसारखी जोडलेली असते. ती मराठीत लिहिली, तर अनेक स्टिरिओंच्या पडद्यावर नुसते चौकोन किंवा प्रश्नचिन्हे उमटतात, कारण त्या यंत्रांत देवनागरी अक्षरांचा संचच बसवलेला नसतो. बहुतांश विक्री भारतात होणाऱ्या वस्तूबाबत हे खटकणारे आहे. मोठ्या पडद्याच्या, अँड्रॉइडवर चालणाऱ्या यंत्रांत ही उणीव सहसा आढळत नाही. इतरांना तूर्त फाइलींची आणि फोल्डरांची नावे इंग्रजी अक्षरांत आणि क्रमांक इंग्रजी आकड्यांत लिहिण्यावाचून गत्यंतर नाही.

चित्रफितींचे दुखणे याहून गुंतागुंतीचे असते. एमपी-४, एव्हीआय, एमकेव्ही ही नावे म्हणजे केवळ डबे आहेत. आतले चित्र आणि आवाज कोणत्या पद्धतीने दाबून भरले आहेत, हे डब्यावरून कळत नाही. डबा ओळखीचा आणि आतला माल अनोळखी असला, की आवाज येतो पण चित्र नाही, किंवा चित्र दिसते पण संवाद ऐकू येत नाहीत. २०१७ पासूनचे बरेच आयफोन आणि त्यानंतरचे काही अँड्रॉइड फोन घरगुती चित्रण 'एच.२६५' या नव्या पद्धतीने साठवतात. मोटारीतल्या साध्या यंत्राची मजल 'एच.२६४'पर्यंतच असते. नातवाच्या बारशाचे चित्रण गाडीत दिसत नाही, ते यामुळे. हँडब्रेक नावाच्या मोफत प्रणालीतून चित्रफीत एमपी-४ डब्यात, एच.२६४ पद्धतीने आणि मध्यम आकारात रूपांतरित केली की बहुतेक यंत्रे ती मुकाट्याने स्वीकारतात.

पण ती बघायची कोणी आणि केव्हा?

बाहेरून घेतलेल्या बहुतेक व्हिडिओ स्टिरिओंना मागच्या बाजूस इतर तारांबरोबर एक बारीक तार असते. ती गाडीच्या खऱ्याखुऱ्या हँडब्रेकच्या स्विचला जोडायची असते. हँडब्रेक ओढलेला असेल, म्हणजे गाडी उभी असेल, तरच पुढच्या पडद्यावर चित्र दिसावे, अशी ही योजना. कित्येक ठिकाणी ग्राहकाच्या आग्रहाखातर, आणि काही ठिकाणी न विचारताच, ही तार गाडीच्या लोखंडी सांगाड्याला जोडून दिली जाते. यंत्राची समजूत होते की हँडब्रेक कायमच ओढलेला आहे आणि धावत्या गाडीत चालकासमोर चित्रपट सुरू राहतो. मागे म्हटलेली, मुळीच करू नये अशी गोष्ट ती हीच.

ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी मोटार एका सेकंदात सुमारे १७ मीटर पुढे जाते. पडद्याकडे दोन सेकंद पाहिले, तर ३३ मीटर अंतर चालकाने डोळे मिटून कापल्यासारखे होते. पश्चिम किंवा पूर्व द्रुतगती महामार्गावर तेवढ्या अंतरात एखादी दुचाकी मार्गिका बदलते, एखादी बस थांब्याकडे वळते किंवा दुभाजक ओलांडणारा पादचारी समोर येतो. केंद्र सरकारच्या २०१७ च्या मोटार वाहन चालनविषयक नियमावलीनुसार वाहन चालवताना चालकाने चित्रपट वा चित्रफीत पाहण्यास मनाई आहे. अपवाद आहे तो रस्ता दाखवणाऱ्या नकाशाचा. वाहनात मोठ्या आवाजात संगीत वाजवू नये, असेही त्याच नियमावलीत म्हटले आहे. मुलांना चित्रपट दाखवायचाच असेल, तर पुढच्या आसनाच्या मागे बसवायचा, चालकाला न दिसणारा पडदा मिळतो. स्टिरिओ बसवून घेताना हँडब्रेकची तार कुठे जोडली, हे कारागिराला विचारावे. गाडी ताब्यात घेताना हँडब्रेक सोडून चित्र बंद होते का, हे पाहणे त्याहून सोपे.

जुन्या गाडीत यूएसबीची सोय नसेल, तर लायटरच्या सॉकेटमध्ये बसणारा छोटा एफएम ट्रान्समीटर अनेक जण वापरतात. तो गाणे रेडिओलहरींवर सोडतो आणि गाडीचाच रेडिओ ते पकडतो. मुंबईत मात्र ९१.१, ९२.७, ९३.५, ९८.३ अशी केंद्रे ओळीने बसलेली असल्याने मोकळी जागा सापडणे कठीण जाते आणि गाण्यात खरखर मिसळते. फोन ऑक्स वायरने जोडून त्याच सॉकेटवर चार्जिंगला लावला, तर इंजिनाच्या वेगाबरोबर चढणारी-उतरणारी शीळ ऐकू येते. ती विजेच्या दोन मार्गांतून तयार होणाऱ्या वेटोळ्याची करामत असते. चार्जर काढताच ती थांबली, तर स्टिरिओ दुरुस्तीला नेण्याची गरज नाही. ब्लूटूथवर हा त्रास होत नाही.

खोक्यावरच्या '५० वॉट गुणिले चार' या आकड्यालाही भुलू नये. मोटारीची वीज चौदा व्होल्टच्या आसपास असते. नेहमीच्या चार ओहमच्या स्पीकरला स्टिरिओमधला ॲम्प्लिफायर त्या विजेवर सलगपणे वीस-पंचवीस वॉटपेक्षा जास्त देऊ शकत नाही. ५० हा क्षणभराचा कमाल आकडा असतो. नवा स्टिरिओ बसवताना कंपनीच्या तारा कापून चिकटपट्टी गुंडाळण्यापेक्षा त्या गाडीसाठी मिळणारा तयार कपलर वापरण्याचा आग्रह धरावा. पट्टीचा गोंद उन्हाने सुटतो आणि कापलेल्या तारांमुळे वॉरंटीचा वादही उद्भवू शकतो.

राहता राहिला माळ्यावरच्या कॅसेटींचा प्रश्न. बाजारातल्या कॅसेटींवरची बरीच गाणी आज इतरत्र मिळतात. पण वाडीतल्या भजनाचे, आजीच्या ओव्यांचे किंवा लग्नातल्या मंगलाष्टकांचे मुद्रण दुसरीकडे कुठेच नसते आणि मुंबईच्या दमट हवेत त्या फितींना बुरशी लागते. चालू स्थितीतला टेपरेकॉर्डर, एक वायर, संगणकाला लावायचा छोटासा यूएसबी ध्वनिजोड आणि 'ऑडॅसिटी' ही मोफत प्रणाली एवढ्यावर त्यांचे रूपांतर होते. मूळ प्रत 'वेव्ह' प्रकारात जपून ठेवावी आणि तिच्यावरून एमपी-३ प्रत गाडीसाठी काढावी. यात घाई करण्याची मात्र सोय नाही. ९० मिनिटांची कॅसेट उतरवायला ९० मिनिटेच लागतात, त्यामुळे गणपतीच्या प्रवासात ही मुद्रणे ऐकायची असतील, तर कामाला निदान आषाढात हात घालावा.