द्राक्षमळ्यातील मूल आणि शिक्षकाची पूर्वतयारी

पिंपळगाव बसवंत हे निफाड तालुक्यातील कांदा, टोमॅटो व द्राक्षे यांच्या व्यापाराचे मोठे गाव. ऑक्टोबरमधील फळछाटणीपासून मार्च-एप्रिलमधील काढणीपर्यंत सुरगाणा, पेठ, दिंडोरी, कळवण या बाजूंनी मजुरांच्या टोळ्या या पट्ट्यात उतरतात. त्यांत कोकणा, महादेव कोळी, वारली, भिल्ल अशी कुटुंबे असतात आणि अनेक मुले आईबापांबरोबर येतात. शाळेचे वर्ष मात्र जूनमध्येच सुरू झालेले असते. सहामाहीच्या सुमारास वर्गात येऊन बसणाऱ्या या मुलास जो शिक्षक भेटतो, त्याची घडण कोणत्या रीतीने व्हावी, हा प्रश्न अध्यापक-विद्यालयांनी अद्याप पुरेशा गांभीर्याने घेतलेला नाही.

मुलाची पहिली अडचण भाषेची. पण ती शिक्षकास अडचण म्हणून दिसतच नाही, ही खरी गोम आहे. तमिळभाषी मूल वर्गात आले तर शिक्षक आपोआप सावध होतो. डांगी किंवा अहिराणी बोलणारे मूल मात्र त्याला 'अशुद्ध मराठी' बोलणारे वाटते. कळवण-बागलाणकडील मूल 'मना' म्हणते तेव्हा त्याचा अर्थ 'माझा' असा असतो. प्रमाण मराठीत तोच शब्द मनास घातलेली साद होते. 'आहे' याऐवजी ते 'शे' म्हणते. हे स्खलन नव्हे, नियमबद्ध व्याकरण होय. ग्रिअर्सनने १९०७ च्या खंडात खानदेशीस मराठीबरोबर न ठेवता भिल्ली भाषांबरोबर ठेवले होते. हे वर्गीकरण सर्वांस मान्य नाही. परंतु हा वाद ठाऊक असलेला शिक्षक वहीवर लाल रेघ ओढण्यापूर्वी क्षणभर थांबेल, एवढे निश्चित. १९५६ च्या घटनादुरुस्तीने आलेला ३५०-क हा अनुच्छेद प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याची अपेक्षा करतो. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानेही तेच सांगितले, मात्र 'व्यवहार्य असेल तितपत' या मर्यादेसह. आणि या मर्यादेच्या पोटात पुष्कळ काही गडप होते.

अमेरिकेत मेक्सिकन वंशाच्या मुलांसंबंधी हाच पेच उभा राहिला. ॲरिझोना राज्यातील टूसॉन शहरी लुइस मॉल व त्यांच्या सहकाऱ्यांनी शिक्षकांनाच संशोधक बनवून विद्यार्थ्यांच्या घरी पाठविले. त्यांचा प्रसिद्ध लेख १९९२ चा. घरात ज्ञानाचे साठे असतात आणि शाळा त्यांस ओळखत नाही, हा त्यांचा सिद्धान्त. एका शिक्षिकेस आढळले, की आपला विद्यार्थी मेक्सिकोतून आणलेली मिठाई शेजारीपाजारी विकतो. त्यावरून वर्गात मिठाईविषयीचा सबंध अभ्यासघटक उभा राहिला आणि एका पालक स्त्रीने ती वर्गात करून दाखविली.

पिंपळगावी असे साठे थोडे नाहीत. काडीवरचे डोळे मोजून छाटणी करणे, घडांची विरळणी, एकरी उक्त्याने घेतलेल्या कामाच्या पैशांची टोळीत वाटणी, या सर्वांत गणित व वनस्पतिशास्त्र आहे. पाठटाचणात मात्र बहुधा सफरचंदेच वाटली जातात. स्वदेशी उदाहरणही दूरचे नाही. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डी येथे, व पुढे कोसबाडला, बालशिक्षणाचे कार्य केले. मुले शाळेकडे येईनात तेव्हा शाळाच त्यांच्याकडे नेली. गुरे राखणाऱ्या वारली मुलांसाठी कुरणशाळा काढली. महागड्या साधनांच्या जागी परिसरातील शंख, बिया, पाने वापरली.

तथापि ही पद्धत सरळ उचलून येथे बसविणे धोक्याचे आहे. टूसॉनची कुटुंबे स्वतःच्या घरी भेटत. येथील टोळी बागाईतदाराच्या जागेत, त्याच्या शेडमध्ये राहते. शिक्षक त्याच्या नात्यातला असला, तर मजूर त्याच्यापुढे मोकळेपणाने काय बोलणार? शिवाय वर्गात एखाद्या मुलास आईबापांच्या मजुरीचे वर्णन करावयास उभे केले आणि शेजारी मालकाचा मुलगा बसलेला असला, तर आदराच्या हेतूने केलेला पाठ मानहानीचा होतो. मुलाचे ज्ञान वापरणे आणि मुलाचे श्रम गौरविणे यांतील भेद छात्राध्यापकास पुस्तकातून कळणारा नाही.

यास्तव सरावपाठांतील काही पाठ डिसेंबर-जानेवारीत, टोळ्या मुक्कामास असताना, आणि त्याच मुलांच्या वर्गात व्हावेत. गृहभेट सायंकाळी, काम सुटल्यावर व्हावी; बरोबर टोळीचीच भाषा बोलणारी, शक्यतो सुरगाणा वा पेठकडील छात्राध्यापिका असावी; आणि पहिल्या भेटीत वही उघडू नये.