सपाटीवर धडधाकट असलेला बैल डोंगरावर गेला की का मरतो?

अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात बैल विकायला निघाला की वजन आणि वंशावळीसोबत आणखी एक आकडा विचारला जातो. ३८ असेल तर सौदा पुढे सरकतो. ५५ असेल तर डोंगराळ भागातला पशुपालक सरळ पाठ फिरवतो, मग बैल दिसायला कितीही देखणा असो.

हा आकडा फुफ्फुसांकडे जाणाऱ्या रक्ताच्या दाबाचा असतो.

कोलोरॅडोची राजधानी डेन्व्हर सुमारे १६०० मीटर उंचीवर आहे, म्हणजे जवळपास आपल्या कळसूबाईच्या टोकावर. मांसासाठी पाळलेली गुरं उन्हाळ्यात चरायला जातात ती कुरणं आणखी वर, काही तर तीन हजार मीटरवर. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण ७० टक्केच असतो. साहजिकच प्रत्येक श्वासात ऑक्सिजन कमी मिळतो.

यावर शरीराचा एक उपाय आपल्याला माहीत असतो: रक्तातल्या लाल पेशी वाढवणं. गुरांच्याही त्या वाढतात. पण जीव जातो तो दुसऱ्याच कारणाने.

फुफ्फुसाच्या एखाद्या कोपऱ्यात ऑक्सिजन कमी पडला की तिथल्या रक्तवाहिन्या आकसतात आणि रक्त चांगल्या भागाकडे वळतं. एरवी ही सोय उत्तमच. डोंगरावर मात्र अख्ख्या फुफ्फुसातच ऑक्सिजन कमी! मग सगळीकडच्या वाहिन्या आकसतात. त्यात गुरांच्या या वाहिन्यांना मुळातच स्नायूंचा जाड थर असतो, त्यामुळे त्या जास्तच आवळल्या जातात आणि हळूहळू आणखी जाड होतात. हृदयाची उजवी बाजू जोर लावून रक्त ढकलत राहते, फुगते आणि शेवटी थकते. शिरांमध्ये रक्त तुंबतं, त्यातलं पाणी झिरपतं आणि छातीच्या पुढच्या भागात, गळ्याखालच्या पोळीत, जबड्याखाली साचतं.

१९१५ मध्ये ग्लोव्हर आणि न्यूसम या संशोधकांनी कोलोरॅडोतल्या या आजाराची नोंद केली. नाव पडलं 'ब्रिस्केट डिसीज', म्हणजे छातीच्या सुजेचा आजार. नाव जरा फसवंच आहे, कारण सूज दिसेपर्यंत हृदयाने हात टेकलेले असतात. जनावराला न पळवता, न दमवता खाली आणणं हाच खरा उपाय. तरीही सगळी वाचत नाहीत.

म्हणून आधीच तपासणी होते. पशुवैद्य मानेच्या शिरेतून एक बारीक नळी हृदयामार्गे फुफ्फुसाच्या धमनीपर्यंत नेतात आणि दाब मोजतात. ४१ च्या आत असेल तर बरं, ४९ च्या वर गेला तर पैदाशीसाठी नको. एका बैलाची वर्षाला डझनावारी वासरं होतात आणि हा दोष काही प्रमाणात वारशाने उतरतो, त्यामुळे एक चुकीचा बैल अख्खा कळप धोक्यात घालू शकतो. आणखी एक मेख आहे: सपाटीवर मोजलेल्या कमी आकड्यावर जाणकार विश्वास ठेवत नाहीत. बैल काही आठवडे उंचावर राहिला की मगच खरं काय ते कळतं.

याकला यातलं काहीच लागत नाही. लडाख-तिबेटच्या या प्राण्याच्या फुफ्फुसातल्या धमन्या पातळ असतात, त्या फारशा आकसतच नाहीत.

इकडे अमेरिकेत आता वेगळीच चिंता आहे. डोंगर कधीही न चढलेली, हजार-बाराशे मीटरवरच्या गोठ्यांत धान्य खाऊन लठ्ठ झालेली गुरंही अशाच पद्धतीने हृदय निकामी होऊन मरताना दिसतायत.