रोगट यकृत : एक नाव, दोन विकार

कत्तलखान्यात कापलेल्या मेंढीचे अथवा शेळीचे यकृत विकृत आढळल्यास व्यवहारात त्यास बहुधा ‘खराब कलेजी’ एवढेच म्हटले जाते. विक्रेत्याच्या दृष्टीने हे नाव पुरेसे आहे. रोगाच्या दृष्टीने मात्र ते अपुरे पडते. कारण या एका नावाखाली निदान दोन भिन्न विकार येतात, व त्यांचे पुढील मार्ग परस्परांहून सर्वस्वी निराळे आहेत.

पहिला विकार पर्णकृमीचा होय. पानासारखा चपटा असा हा कृमी पित्तनलिकांत राहतो व त्यामुळे त्या नलिका जाड होतात. भारतात आढळणारी त्याची प्रमुख जाती फॅसिओला जायगँटिका ही आहे. अंडी विष्ठेवाटे बाहेर पडून पाण्यात फुटतात. डिंभ पाण्यातील गोगलगायीच्या शरीरात वाढतात व अखेर पाणथळ जागेतील गवतावर कोशरूपाने राहतात. ते गवत खाल्ल्याने जनावरास बाधा होते. रोगट यकृत खाणाऱ्यास सामान्यतः ती होत नाही. फ्रेंच भाषेत या कृमीस ‘दूव्ह’ म्हणतात. हे मूळचे एका वनस्पतीचे नाव. १३७९ मध्ये जेहान द ब्री याने मेंढपाळांसाठी लिहिलेल्या ग्रंथात रोगाचे कारण म्हणून तीच वनस्पती सांगितली आहे. कारण चुकले, तरी रोग कुरणातून येतो हे निरीक्षण खरे होते.

दुसरा विकार हायडॅटिड पुटीचा. ‘हायडॅटिड’ या शब्दाच्या मुळाशी पाणी या अर्थाचा ग्रीक शब्द आहे. म्हणजे हे नाव केवळ डोळ्यांना दिसणारे रूप सांगते. वस्तुतः ही पुटी एका लहान पट्टकृमीची डिंभावस्था असून प्रौढ कृमी कुत्र्याच्या आतड्यात राहतो. सीबोल्ट याने १८५३ मध्ये कुत्र्यांस पुट्या खाऊ घालून हे सिद्ध केले. कुत्र्याच्या विष्ठेतील अंडी गवतावाटे मेंढीच्या, तर हात व अन्नपाणी यांवाटे मनुष्याच्या पोटात जातात, आणि त्याच्याही यकृतात तशाच पुट्या वाढतात.

आइसलँडमध्ये एकोणिसाव्या शतकात हा रोग फार पसरला होता. क्रॅबे या डॅनिश संशोधकाने तेथील १०० कुत्री तपासली, तेव्हा २८ कुत्र्यांत हा पट्टकृमी सापडला. आइसलँडिक भाषेतील त्याची पुस्तिका १८६४ मध्ये प्रसिद्ध झाली व घरोघर पोचली. पुढे कायदेही झाले, आणि विसाव्या शतकात त्या बेटावरून हा रोग नाहीसा झाला. या यशात लोकांच्या भाषेत सांगितलेल्या एका साध्या गोष्टीचा वाटा मोठा होता : पुटी असलेला अवयव कुत्र्यास घालू नये, तो जाळावा किंवा खोल पुरावा.

महाराष्ट्रात आठवडी बाजारातील मटणाच्या दुकानांभोवती कुत्री जमतात, व टाकाऊ अवयव त्यांच्यापुढे टाकले जातात. तेथे ‘खराब कलेजी’ या शब्दाने भागत नाही. पर्णकृमीचा उपाय कुरणात व पाणथळीत करावयाचा असतो. पुटीचा उपाय खाटकाच्या हातात असतो. दोन्ही विकारांस स्वतंत्र व सुबोध नावे रूढ झाल्याखेरीज हा भेद त्याच्यापर्यंत पोचणे कठीण आहे.