रंगपेटी कशासाठी?

‘हवामानाची चिंता’ हे इंग्रजी शाळेतल्या पोरांचं खूळ, असं मुळशीत कुणी म्हटलं की नवल वाटतं. हा भाताचा तालुका. पाऊस लांबला, तरव्यातली रोपं पिवळी पडली की घरातल्यांची तोंडं उतरतात, आणि ती पोरं बघत असतात. तालुक्यातलं नांदे गाव तर आता पुण्याला चिकटलंय. आणि ही चिंता एकट्या इथली नाही. ‘लॅन्सेट प्लॅनेटरी हेल्थ’ या नियतकालिकातल्या २०२१ च्या पाहणीत भारतासह १० देशांतली, १६ ते २५ वयाची १०,००० मुलं-मुली होती. हवामानबदलामुळे ५९ टक्के खूप किंवा अतिशय काळजीत होती. ४५ टक्क्यांच्या रोजच्या जगण्यावर त्याचा परिणाम होत होता.

पण म्हणून ही चिंता आजार ठरत नाही. मानसोपचाराच्या अधिकृत याद्यांत ती नाही; धोका खरा आहे, मनाला तो कळतो, इतकंच. मात्र झोप उडाली, जेवण सुटलं आणि हे आठवडेच्या आठवडे चाललं, तर समुपदेशक गाठावा. सरकारची ‘टेली मानस’ सेवा १४४१६ वर मराठीतही बोलते. तिथे रंगपेटी पुरत नाही.

मग रंगपेटी कशासाठी? पोराने सगळं विसरावं म्हणून नव्हे. जे बोलता येत नाही ते कागदावर येतं, मग त्यावर बोलता येतं. चित्र चांगलं हवं असंही नाही. ‘पर्यावरण वाचवा’ स्पर्धांत वर्षानुवर्षं तीच हिरवी पृथ्वी, तेच रडणारं झाड. बक्षिसासाठी काढलेल्या चित्रात पोराची स्वतःची भीती क्वचितच उतरते.

रंगपेटी घेऊन निसर्गात जावं म्हटलं, तर निसर्ग म्हणजे पावसाळ्यात ताम्हिणी घाटात होणारी गर्दी, हा आणखी एक समज. इंग्लंडमधल्या सुमारे २०,००० लोकांच्या २०१९ च्या अभ्यासात आठवड्याला किमान १२० मिनिटं निसर्गात घालवणाऱ्यांची तब्येत आणि समाधान जास्त चांगलं आढळलं. ती मिनिटं एका दमात की थोडीथोडी, याने फरक पडला नव्हता. (निसर्गामुळेच तब्येत सुधारली, असं मात्र यातून सिद्ध होत नाही.)

नांद्याच्या पोराला त्यासाठी घाट चढायला नको. मुळा जवळून वाहते. दर रविवारी काठच्या एकाच करंजाखाली बसावं. पालवी, फूल, शेंग, पानावरची कीड, जे दिसेल ते वहीत उतरवावं. जलपर्णी आणि प्लास्टिक दिसलं तर तेही. मोठ्यांनी शेजारी बसावं, आणि पाण्यावर फेस का आलाय असं पोराने विचारलं तर विषय बदलू नये.