अठ्ठेचाळिसाव्या हिश्श्याचे विमान



सभागृहात येताना दाराजवळच्या टेबलावर ठेवलेले छोटे विमान आपण पाहिलेच असेल. पंखाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ते बावीस सेंटिमीटरही भरत नाही. ते करावयास आम्हांस सात महिने लागले. शेजारचा सातवीतला मुलगा ते पाहावयास आला आणि शेपटीकडे बोट दाखवून म्हणाला, ‘‘आजोबा, आपलं स्वस्तिक जर्मन विमानावर कसं?’’ आजचे व्याख्यान त्या प्रश्नाचे उत्तर आहे असे समजावे. मात्र उत्तराकडे जाण्यापूर्वी हे विमान कसे बांधले ते सांगणे भाग आहे.

हे विमान फॉके-वुल्फ १९०. कुर्ट टँक या जर्मन अभियंत्याच्या हाताखाली त्याची आखणी झाली आणि १ जून १९३९ रोजी ते प्रथम उडाले. टँक पहिल्या महायुद्धात घोडदळात होता. नाजूक, शर्यतीच्या घोड्यासारखे विमान त्यास नको होते. चिखलात उतरणारे, अर्धशिक्षित हातांनीही दुरुस्त होणारे, मोहिमेवर पडेल ते काम करणारे विमान त्यास हवे होते. आपल्या भाषेत सांगावयाचे तर त्याने भीमथडीचे तट्टू घडविले. १९४१ साली ते इंग्लिश खाडीवर दिसू लागले तेव्हा ब्रिटिशांची त्या वेळची स्पिटफायर विमाने त्याच्यापुढे उणी पडू लागली. पुढे जून १९४२ मध्ये एक जर्मन वैमानिक दिशा चुकला, वेल्सचा किनारा फ्रान्सचा समजला आणि पेम्ब्री येथील ब्रिटिश विमानतळावर बिनदिक्कत उतरला! अशा रीतीने शत्रूचे धडधाकट विमान आयते हाती आले आणि ब्रिटिशांनी ते कसून तपासले.

आता प्रमाणाचा हिशेब पाहू. खऱ्या विमानाची पंखरुंदी साडेदहा मीटर आणि लांबी सुमारे नऊ मीटर. आमची प्रतिकृती त्याच्या अठ्ठेचाळिसाव्या हिश्श्याची. लांबी अठ्ठेचाळीस पटीने घटते, पंखाचे क्षेत्रफळ मात्र अठ्ठेचाळीस गुणिले अठ्ठेचाळीस, म्हणजे २३०४ पटीने घटते, आणि घनफळ त्याहूनही अठ्ठेचाळीस पटीने, म्हणजे १,१०,५९२ पटीने! खरे विमान चार हजार किलो वजनाचे धरले, तर आमचे विमान छत्तीस ग्रॅमचे असावयास हवे. खऱ्या विमानाचा अॅल्युमिनियमचा पत्रा एक मिलिमीटर जाड धरला, तर आमचा पत्रा मिलिमीटरचा पन्नासावा हिस्सा हवा. प्लॅस्टिक इतके पातळ ओतता येत नाही. म्हणून पंखाची मागची कड आतून घासून घासून पातळ करावी लागते. हे न केल्यास विमान पुठ्ठ्यातून कापल्यासारखे दिसते. प्रतिकृतीकाराचे निम्मे काम हे असे असते. जे खरोखर लहान करता येत नाही, ते लहान झाल्यासारखे भासवावयाचे.

हा केवळ पोरखेळ आहे असे कोणी समजू नये. १९४२ साली अमेरिकेच्या नौदलाने शाळांतील मुलांकडे पाच लाख लाकडी विमाने मागितली होती. ती बहात्तराव्या हिश्श्याची होती. त्यामागील युक्ती साधी आहे. बहात्तराव्या हिश्श्याचे विमान दहा मीटरवर धरले, की ते ७२० मीटरवरील खऱ्या विमानाएवढे दिसते. तोफेवरील सैनिकास क्षणार्धात आपले आणि परके ओळखावयाचे असते. ते शिक्षण त्यास या खेळण्यांनी दिले.

आमच्या विमानाचे सुटे भाग प्लॅस्टिकच्या चौकटीत जोडलेले आले. ते कापून काढावयाचे, कडा घासावयाच्या आणि जोडावयाचे. जोडण्याचा द्रव म्हणजे डिंक नव्हे. तो प्लॅस्टिक किंचित विरघळवितो आणि दोन भाग एकजीव होतात. हात थरथरला तर बोटाचा ठसाही त्याबरोबर कायमचा उमटतो. आमच्या डाव्या पंखाखाली तो आजही आहे. चौकटीचा उरलेला तुकडा मेणबत्तीवर धरून ओढला की केसासारखा धागा निघतो. वैमानिकाच्या बैठकीपासून शेपटीपर्यंत गेलेली रेडिओची तार आम्ही त्यातूनच केली. तोफांच्या नळ्यांसाठी इंजेक्शनच्या सुया कापल्या. आसनाचे पट्टे पितळेच्या कागदासारख्या पातळ पत्र्यातून केले. एकेका पट्ट्याचे बक्कल चिमट्यात धरून बसवावे लागले.

येथे एक गोष्ट ध्यानी आली. एखादी वस्तू पाहणे वेगळे आणि ती करावयास घेऊन पाहणे वेगळे. विमानाच्या नाकात, पुढच्या मोठ्या पंख्याच्या मागे, आणखी एक अनेक पात्यांचा पंखा दिसतो. चित्रात आम्ही तो शंभर वेळा पाहिला होता. जोडावयास घेतला तेव्हा प्रश्न पडला, हा कशासाठी? इंजिनात चौदा सिलिंडरे, सातसातांच्या दोन ओळींत. हवेने थंड होणाऱ्या इंजिनात मागच्या ओळीस वारा कमी मिळतो आणि ती तापते. म्हणून वारा कोंडून आत ढकलणारा हा पंखा. चाकांचेही तसेच. जर्मनांच्या दुसऱ्या प्रसिद्ध विमानाची, मेसरश्मिट १०९ ची, चाके धडाजवळ बसविलेली असल्याने एकमेकांजवळ होती आणि उतरताना ते पुष्कळदा लवंडे. टँकने चाके पंखात दूर बसविली आणि आतल्या बाजूस मिटविली. प्रत्येक तुकड्यामागे कोणाच्या तरी अडचणीचे उत्तर असते.

मग रंग. वरून करडा आणि जांभळट करडा, खालून फिकट निळसर. खऱ्या रंगाचीच बाटली वापरली तर छोटे विमान काळपट दिसते; दुरून पाहताना मधल्या हवेने रंग फिकटतो, म्हणून रंगात थोडा पांढरा मिसळावा लागतो. सांध्यांच्या रेघांतून गडद तैलरंग सोडून पुसावा, इंजिनाच्या धुराचे ओघळ काढावेत, पाय ठेवण्याच्या जागी रंग उडालेला दाखवावा. मात्र येथे मोह आवरला पाहिजे. १९४४ मधील लढाऊ विमानास पुष्कळदा थोड्याच आठवड्यांचे आयुष्य लाभे. त्यावर दहा वर्षांचा गंज चढविणे म्हणजे सुंदर असत्य.

आता सत्याचा प्रश्न निघालाच आहे, तर शेपटीकडे येऊ. खऱ्या विमानाच्या शेपटीवर नाझी चिन्ह होते. जर्मनीत त्या चिन्हाच्या प्रदर्शनास कायद्याने बंदी आहे, म्हणून अशा विमानांच्या पेट्यांत ते वगळलेले तरी असते, नाही तर दोन तुकड्यांत दिलेले असते. आम्ही ते लावावे की लावू नये? महिनाभर शेपूट कोरी ठेवली. कोरी शेपूट दिसावयास छान होती; विमान निरागस दिसू लागले. तीच गोष्ट आम्हांस खटकली. आम्ही प्रत्येक खिळ्याची जागा मोजली होती, पण ते खिळे कोणी ठोकले याची चौकशी केली नव्हती. ती केली तेव्हा कळले, की जर्मन विमान-कारखान्यांत सक्तीने आणलेले असंख्य लोक राबत होते. फ्लॉसेनबर्ग आणि गुसेन येथील छळछावण्यांतील कैद्यांकडून मेसरश्मिटच्या विमानांचे भाग करवून घेतले जात, आणि त्यांतील हजारो तेथेच मेले. याच जर्मन सैन्याशी लढताना १० जुलै १९४४ रोजी इटलीतील टायबर नदीच्या खोऱ्यात आपल्या मराठा पलटणीचे नाईक यशवंत घाडगे धारातीर्थी पडले; त्यांस मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. तेव्हा कोरी शेपूट म्हणजे आमच्याच माणसांशी लबाडी झाली असती. आम्ही चिन्ह लावले आणि शेजारी ही हकीकत लिहिलेला कागद ठेवला. कागदाशिवाय हे विमान आम्ही कोठेही नेत नाही.

गोष्ट मात्र येथे संपत नाही. ती आपल्या विश्रामबागेत येते. येथील अभियांत्रिकी महाविद्यालय १९४७ साली सुरू झाले आणि पुढे त्यास वालचंद हिराचंद यांचे नाव मिळाले. सोलापूरच्या या उद्योजकाने म्हैसूर संस्थानाच्या साहाय्याने डिसेंबर १९४० मध्ये बंगळूर येथे हिंदुस्थान एअरक्राफ्ट हा कारखाना काढला. त्याच कारखान्यात १९५६ साली कुर्ट टँक आला, आणि आपल्या अभियंत्यांबरोबर त्याने ‘मरुत’ या भारतात आखलेल्या जेट लढाऊ विमानाची आखणी केली. धातूचे विमान करण्यापूर्वी त्यांनी काय केले? पूर्ण आकाराचे, इंजिनाविना, लाकडी विमान बांधले आणि १९५९ साली ते डकोटा विमानामागे ओढून आकाशात सोडले! म्हणजे तीही एक प्रतिकृतीच. फक्त प्रमाण एकास एक. १७ जून १९६१ रोजी सुरंजन दास यांनी खरे मरुत उडविले. जोरदार इंजिन न मिळाल्याने ते योजलेला वेग गाठू शकले नाही, तरी १९७१ च्या युद्धात राजस्थान आघाडीवर ते लढले. निवृत्तीनंतर एक मरुत मुंबईच्या नेहरू विज्ञान केंद्रात ठेवण्यात आले आणि एक म्युनिकजवळच्या संग्रहालयात, म्हणजे टँकच्याच देशात, गेले.

तेव्हा त्या मुलास आम्ही काय सांगितले? ‘‘बाळ, आकार सारखा दिसला तरी तुझ्या आजीने उंबऱ्यावर काढलेले स्वस्तिक येणाऱ्याचे भले चिंतते. या शेपटीवरचे चिन्ह काही माणसांना माणूस मानावयास नकार देत होते. विद्या दोन्हीकडे जाते. म्हणून विमान करणाऱ्याने ते कोठे चालले आहे हेही विचारावे.’’

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, ‘‘आजोबा, आता मरुत करूया का?’’ त्या विमानाची तयार पेटी मिळणे अवघड, म्हणून आम्ही दोघे सध्या लाकूड तासत आहोत. लांबी सुमारे सोळा मीटर, पंखरुंदी नऊ. अठ्ठेचाळीसने भागाकार त्याने स्वतः केला, आणि तो बरोबर आला.